क्रायसिस आला की कुठे न्यायचं: जवळचं बालरुग्णालय की मोठं रुग्णालय?

सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं मूल घरात असलं की क्रायसिस, म्हणजे अचानक उठणारं तीव्र दुखणं, आला तर भरपूर पाणी, ऊब, घरची औषधं हे सगळं तुम्हाला पाठ झालेलं असतं. अडतं ते घरच्या औषधाने भागत नाही तेव्हा. ऐरोली-घणसोलीकडच्या पालकांपुढे अशा वेळी सहसा दोन वाटा असतात: सेक्टरमधलं थोड्या खाटांचं बालरुग्णालय, नाहीतर रक्तविकाराचे डॉक्टर असलेलं मोठं रुग्णालय. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला आम्ही दोन्हीकडे दाखल केलेलं आहे.

जवळच्या ठिकाणाचे फायदे खरे आहेत. रिक्षा दारात थांबली की लगेच खाट मिळते. सिस्टर मुलीला नावाने ओळखतात. डाव्या हाताची शीर सापडत नाही, उजव्या मनगटाजवळची सापडते, हे त्यांना सांगावं लागत नाही. मोठ्या रुग्णालयात आधी केसपेपर, मग कॅज्युअल्टी, मग दर खेपेला नवा रेसिडेंट आणि त्याला पहिल्यापासून सगळी हकीकत. अपघाताचा पेशंट आला की आपला नंबर मागे जातो.

तरी माझं मन मोठ्या रुग्णालयाकडे झुकलं, ते दुसऱ्या डोसमुळे.

जवळच्या ठिकाणी पहिला डोस झटपट मिळतो, पुढचा मात्र ‘दुखलं की सांगा’ या हिशोबाने. रात्री पोर कण्हायला लागली की मी सिस्टरना उठवायचं, सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावायचा, डॉक्टरांनी काय द्यायचं ते सांगायचं, मग औषध भरायचं. तोवर दुखणं पार चढलेलं असतं आणि चढलेलं दुखणं लवकर उतरत नाही. त्यात ती मोबाइलवर कार्टून बघत असली तर ‘आता बरी दिसतेय’ म्हणून डोस पुढे ढकलला जातो. अहो, ही मुलं दुखत असतानाच कार्टून बघतात, दुखणं विसरायला! हे दर वेळी समजावून सांगावं लागणं मला फार लागलं. आपल्या लेकराचं दुखणं खरं आहे हे आई-बापाने पटवून का द्यावं?

मोठ्या रुग्णालयात एकदा वॉर्डात पोचलं की औषध घड्याळावर चालतं. मॉर्फिन हे जोरकस वेदनाशामक ठरल्या वेळी, आणि मध्येच कळ आली तर द्यायचा जादा डोसही कागदावर आधीच लिहिलेला. सिस्टर चेहऱ्यांचं कार्ड पुढे धरतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे. मुलगी बोट ठेवते, आकडा नोंदला जातो. बोट रडक्या चेहऱ्यावर असेल तर हातात मोबाइल आहे म्हणून कुणी वाद घालत नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पोचल्यापासून तासाभरात पहिला डोस द्यावा आणि मग दर 30 ते 60 मिनिटांनी दुखणं पुन्हा तपासावं. माझ्या अनुभवात जवळच्या ठिकाणी यातला पहिला भाग नीट होतो, मोठ्या ठिकाणी दुसरा. आणि रात्र काढायची असते ती दुसऱ्यावर.

मॉर्फिनचं नाव ऐकून घरची मोठी माणसं घाबरतात. त्याने गुंगी येते, श्वास मंदावू शकतो, म्हणून लक्ष ठेवणारा स्टाफ हवाच. बद्धकोष्ठावरचं औषधही सोबत सुरू करावं लागतं. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी आमच्या जवळच्या ठिकाणी ते नव्हतं. तिथे गाडी ट्रामाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकावर येऊन थांबायची, आणि 12 वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2017 मध्येच सांगितलं आहे.

आणखी एक फरक श्वासाच्या व्यायामाचा. मोठ्या ठिकाणी तीन चेंडूंचं स्पायरोमीटर हातात देतात आणि मूल जागं असेतो दर दोन तासांनी दहा वेळा चेंडू वर खेचायला लावतात. दुखऱ्या बरगड्यांमुळे मूल वरवर श्वास घेतं आणि त्यातून छातीचा गंभीर त्रास उद्भवू शकतो, म्हणून हे. सलाइनही तिथे मोजून लावतात. जास्त चढवलं तर फुप्फुसांवर ताण येतो.

तुमच्या जवळचे डॉक्टर सिकल जाणणारे असतील, रात्रीचे डोस आधीच लिहून ठेवत असतील, तर कदाचित तुम्हाला लांब जायची गरज पडणार नाही. ताप, दम, छातीत कळ, किंवा पोट फुगून मूल पांढरंफटक पडणं, यात मात्र मी विचार करत बसणार नाही, थेट मोठ्या ठिकाणी नेईन.

कॅज्युअल्टीतला वेळ वाचवायला रक्तविकाराच्या डॉक्टरांकडून एक पान लिहून घ्या: आजाराचं नाव, रक्तगट, एरवीचं हिमोग्लोबिन, कोणतं औषध किती लागू पडतं. आताचं वजन आणि घरी शेवटचा डोस किती वाजता दिला, ते निघताना त्याच पानावर पेनाने लिहा. नव्या रेसिडेंटच्या हातात आधी तेच द्या, बोलणं नंतर.