बेघर निवारा केंद्र, नागपूर : दिवाळीपासूनचा अनुभव

स्टेशनबाहेर, पुलाखाली झोपणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा, एवढ्यासाठी लिहितो.

दिवाळीपासून मी बेघर निवारा केंद्रात राहतो. त्याआधी बरीच वर्षं संत्रा मार्केटच्या बाजूला, स्टेशनबाहेर काढली. हमाली करायचो, लग्नसराईत केटरिंग.

इथे पलंग, ब्लँकेट, संडास-बाथरूम आहे. नागपूरच्या थंडीत हे लई झालं. 2018 च्या डिसेंबरात पारा 3.5 अंशांवर आला होता, तेव्हा आम्ही खोकी जाळून रात्र काढली. पण मला सगळ्यात मोठा फरक पडला तो झोपेत. फुटपाथवर पिशवी उशाला, चपला पिशवीत, पिशवीची नाडी मनगटाला. कुणाचं पाऊल वाजलं की जाग. इथे कुलपाची पेटी मिळाली, तरी बरेच दिवस नाडी मनगटालाच बांधत होतो. आता सकाळी दुसऱ्याला हलवून उठवावं लागतं मला.

दुसरं म्हणजे पत्ता. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला आधारसाठी चालतो. आधार झालं, मग बँकेत खातं. आमच्यातल्या एका आजोबांना श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 रुपये सुरू झाले. वय केव्हाच झालं होतं, कागद नव्हते म्हणून अडलं होतं.

आता जे पटत नाही ते. आमच्याकडे बाया वेगळ्या, माणसं वेगळी. म्हणून एक जोडपं आलं अन् दुसऱ्याच दिवशी परत रस्त्यावर गेलं. म्हातारपणी एकमेकांना सोडून कसं राहतील ते? अशांसाठी वेगळी खोली हवीच. आणि लाख लोकसंख्येमागे एक निवारा असा नियम आहे. 2011 च्या जनगणनेत शहर 24 लाखांचं होतं, म्हणजे 24 निवारे झाले पाहिजेत. तेवढे नाहीत.

निवाऱ्यातून पुढे जाणंही अवघड आहे. पाचपावलीकडे खोली बघतोय, पण घरमालक डिपॉझिट मागतात, वर ओळखीचा माणूस. केंद्रातल्या ताई सोबत येऊन बोलणार आहेत.

कुणाला आणायचं असेल तर दिवसा आणा, रात्री माणूस बिचकतो. कागद नसले तरी आणा. दाखल्याचं पहिल्याच आठवड्यात विचारा, कुणी आपणहून सांगेल म्हणून थांबू नका.