स्टारफील्ड: हजार ग्रह, पण वाटच नाही

मोठे गेम पहिल्या वर्षी घ्यायचे नाहीत, हा माझा जुना नियम. स्टारफील्ड हा अंतराळातला गेम सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हाही मी हात आवरला. पुढच्या वर्षी मे महिन्यात शहरांचे नीट नकाशे आले, ऑगस्टमध्ये ग्रहांवर हिंडायला गाडी आली, सप्टेंबरअखेर शॅटर्ड स्पेस हा जोडभाग आला, मग मी बसले. म्हणजे सुरुवातीला लोकांनी ज्या अवस्थेतला गेम खेळला त्यापेक्षा बरा गेम माझ्या वाट्याला आला. तरीही मत दुभंगलेलंच आहे. काही रात्री दोन वाजून गेलेले कळले नाहीत, आणि काही रात्री मी नुसती या मेनूतून त्या मेनूत क्लिक करत होते.

कथा २३३० सालातली. पृथ्वीवर राहण्यासारखं काही उरलेलं नाही, माणसं आसपासच्या ताऱ्यांवर पसरलीत. आपण खाणकामगार. खाणीत एका विचित्र धातूच्या तुकड्याला हात लागतो, डोळ्यांसमोर काहीबाही तरळतं, आणि कॉन्स्टेलेशन नावाच्या शोधक मंडळींकडे आपली रवानगी होते. ही सुरुवात मला पटली नाही. बॅरेट नावाचा गृहस्थ येतो, ओळख ना पाळख, आणि पाच मिनिटांत स्वतःचं यान आपल्या हवाली करतो. अहो, माणूस ओळखीच्याला दुचाकी देतानाही दोनदा विचार करतो! पहिले काही तास हे असंच ढकलगाडीसारखं चालतं. ते सहन करा, पुढे बरं आहे.

आता मुख्य दुखणं. गेममध्ये शंभरेक तारे आहेत, हजाराच्या वर ग्रह आहेत, आणि त्यांच्यामधलं अंतर जवळजवळ कुठेच नाही. नकाशा उघडायचा, तारा निवडायचा, बटण दाबून धरायचं, यान झेप घेतं, लोडिंग स्क्रीन, पोचलो. उतरायचं म्हटलं की पुन्हा नकाशा, पुन्हा जागा निवडा, उतरण्याचं छोटं दृश्य, पुन्हा लोडिंग. समोर खिडकीत ग्रह इतका सुंदर लटकलेला असतो, पण आपल्या हाताने यान चालवत ढगांमधून खाली जायची सोय नाही. झेप घ्यायला हीलियम-३ लागतं असं गेम सांगतो, टाकीचा आकडाही दाखवतो. एका झेपेत किती लांब जाता येईल हे त्यावर ठरतं खरं, पण पोचल्यावर टाकी आपोआप भरलेली! मग इंधन संपून कुठेतरी अडकण्याची भीती कुठून येणार? मी सुरुवातीला हौसेने एका उपग्रहावर हीलियम काढायचा तळ उभारला होता. यानासाठी त्याची गरजच पडत नाही हे कळल्यावर तो तसाच पडून राहिला.

अंतराळाच्या गेममध्ये लांबचा पल्ला हीच तर गंमत असते. लांब जायचंय म्हणून तयारी करावी, वाटेत काही बिघडावं, घर मागे पडल्यासारखं वाटावं. इथे सूर्याच्या शेजारचा अल्फा सेंटॉरी आणि नकाशाच्या टोकाचा एखादा निनावी तारा, दोन्ही सारख्याच क्लिकांवर.

दुसरं दुखणं पहिल्यालाच चिकटलेलं आहे. इतके ग्रह हाताने घडवणं शक्य नाही, त्यामुळे जमीन संगणक रचतो आणि तिच्यावर आधी बनवून ठेवलेल्या इमारती टाकत जातो. त्या इमारतींचा साठा मर्यादित. पहिली ओसाड क्रायो लॅब मला फार आवडली होती. गोठलेल्या पाइपांमधून वाट काढत, टेबलांवरच्या नोंदी वाचत, इथे काय घडलं असेल याचा अंदाज बांधत मी हळूहळू आत गेले. नंतर भलत्याच ताऱ्याच्या ग्रहावर तीच लॅब. तोच जिना, तीच खोली, त्याच जागी तेच प्रेत, त्याच टेबलावर त्याच माणसाने लिहिलेली तीच नोंद. मी पोटापाण्यासाठी इमारतींचे नकाशे काढते. एकच प्लॅन दहा प्लॉटवर चिकटवणारे बिल्डर मला रोज भेटतात, संध्याकाळी खेळतानाही तेच बघायचं म्हणजे कमाल झाली.

पण हाच प्लॅन दोनदा वापरण्याचा डाव या गेमने एका ठिकाणी असा काही खेळलाय की मी अजून त्याबद्दल बोलत असते. मुख्य कथेत बरंच पुढे ‘एन्टॅंगल्ड’ नावाचं मिशन येतं. (ज्यांना काहीच कळू द्यायचं नाही त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद गाळावा.) निशिना नावाच्या संशोधन केंद्रातून राफाएल नावाचा माणूस मदतीसाठी हाक मारतो. आपण तिथे पोचतो तर केंद्रातले लोक म्हणतात, तो? तो तर स्फोटात गेला. आत शिरावं तर चालता चालता अचानक भिंती जळक्या, छत कोसळलेलं, आणि तो मेलेला माणूस जिवंत! त्या बाजूला बाकी सगळे मेलेत, हा एकटा उरलाय. एकच इमारत, दोन विश्वं.

पुढचा तासभर या दोन विश्वांत ये-जा करायची. हवेत एक थरथरणारा चकाकता ठिपका दिसतो, त्याला हात लावला की पलीकडे. इकडे दार बंद असेल तर पलीकडे जाऊन तिथून पुढे सरकायचं आणि परत इकडे यायचं. एका बाजूला प्राणी मोकाट सुटलेले, दुसऱ्या बाजूला रोबो आणि छतावरच्या बंदुका टपलेल्या. इथे मी धंद्याच्या नजरेने बघत होते: कॉरिडॉर तोच, खोल्या त्याच, पण अडथळे असे बसवलेत की दोन्ही मजले डोक्यात एकावर एक ठेवल्याशिवाय वाट सापडत नाही. ट्रेसिंग पेपर एकमेकांवर ठेवून बघावेत तसं. आणि शेवटी गेम विचारतो, कुठलं विश्व राखायचं? एकटा राफाएल, की केंद्रातले बाकी सगळे? आकड्यांनी उत्तर सोपं आहे. पण त्या एकट्याशी आपण तासभर बोलत आलेलो असतो, त्याची घाबरलेली बडबड ऐकलेली असते. नीट शोधत, नोंदी वाचत आलेल्याला तिसरी वाटही सापडू शकते. मला सापडली नाही. मी गर्दीच्या बाजूने कौल दिला आणि बराच वेळ पुढे खेळलेच नाही.

हे जमतं तर बाकीचं का नाही जमलं, हा राग तिथूनच सुरू होतो.

शहरांनाही तोच न्याय. निऑन हे शहर समुद्रावरच्या जुन्या मासेमारी तळावर वसलंय. तिथल्या एका माशापासून ऑरोरा नावाची नशा बनते आणि ती फक्त त्या शहरात कायदेशीर. छप्पर, पाऊस, दिव्यांच्या पाट्या, खालच्या गल्लीत पडलेली माणसं. एवढ्याशा जागेत ठासून भरलंय सगळं. अकिला शहरात पाय ठेवला की बँकेवर दरोडा चाललेला असतो, आणि बंदूक न काढता दरवाजाबाहेरूनच दरोडेखोरांची समजूत घालता येते. न्यू अटलांटिस मात्र मला विमानतळासारखं वाटलं. चकचकीत, प्रशस्त, आणि कोणीच तिथलं नसल्यासारखं.

यान बांधण्याचा भाग वेगळा सांगते, कारण माझे निम्मे तास तिथेच गेले असतील. कॉकपिट, रिॲक्टर, ताऱ्यांमधली झेप घेणारा ग्रॅव्ह ड्राइव्ह, दुसऱ्या यानाला जोडून घ्यायचा डॉकर, लँडिंग गिअर, राहायच्या खोल्या. सगळे तुकडे जोडत न्यायचे. कंपन्यांच्या शैली वेगवेगळ्या: नोव्हा गॅलॅक्टिकचं काम जुन्या नासा यानांच्या वळणाचं, डेमॉसचं लष्करी, तायोचं गुळगुळीत. वजन वाढलं की यान वळायला जड, मग इंजिनं वाढवा, मग रिॲक्टर पुरत नाही. डॉकर अगदी कडेला नसेल तर गेम लाल अक्षरांत नापास करतो. मला ही शिस्त फार आवडली, अगदी मंजुरीच्या टेबलासारखी. पण खोल्यांमधली दारं आणि शिड्या कुठे येतील ते मी खेळले तेव्हा गेम आपलं आपण ठरवत होता. मी छान दुमजली यान काढलं, वर झोपायची जागा, खाली कामाची, आणि आत शिरून बघते तर स्वयंपाकघरातून कॉकपिटला जायला खाली उतरून, मालाच्या खोलीला वळसा घालून पुन्हा वर चढायचं! शिवाय यानात थोडा जरी बदल केला की आत मांडून ठेवलेल्या सगळ्या वस्तू उचलून मालाच्या कोठीत. पुस्तकं, पेले, टेबलावर ओळीने लावलेली सँडविचेस, सगळं यादीत जमा.

तो मालही एक प्रकरणच आहे. वजनाची मर्यादा सारखी आडवी येते, आणि दुकानदारांकडे पैसे इतके कमी की दोन चांगल्या बंदुका विकल्या की त्यांचा गल्ला रिकामा. खेळणाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा भन्नाट आहे: शुक्रावर जाऊन बसायचं. शुक्र स्वतःभोवती फार संथ फिरतो, प्रत्यक्षात एका फेरीला २४३ दिवस लागतात. गेममध्ये तिथला एक तास म्हणजे बाहेरचे शंभर तास. खुर्चीत तासभर बसा, दुकानदार पुन्हा भरलेले. विज्ञानकथेतला वेळ व्यापाऱ्याच्या गल्ल्यासाठी वापरायचा, मला हे मनापासून आवडलं.

कुलूप उघडण्याचं कोडंही झकास. गोल कड्यांमधल्या खाचांत दातेरी चाव्या फिरवून बसवायच्या, आणि अवघड कुलपांत आधी सगळ्या चाव्या डोक्यात लावून घेतल्या नाहीत तर आतल्या कड्यापाशी अडकणं नक्की.

भूमिका करण्याची मुभा मात्र दिसते तेवढी नाही. सुरुवातीला स्वभाव निवडता येतात. मी आईवडील जिवंत असलेला घेतला. ते न्यू अटलांटिसमध्ये राहतात, चेहरेपट्टी आपल्यावर गेलेली, आणि दर आठवड्याला आपल्या खिशातली थोडी रक्कम त्यांच्याकडे जाते. सुरेख. पण मोठ्या निर्णयांत गेम हात आखडता घेतो. पृथ्वीवरून दोनशे वर्षांपूर्वी निघालेलं एक यान पिढ्यान् पिढ्या प्रवास करून ग्रहावर पोचतं, तर तिथे आधीच श्रीमंतांचं रिसॉर्ट. रिसॉर्टवाले म्हणतात, यांना घालवा. पर्याय काय, तर त्या लोकांना ग्रॅव्ह ड्राइव्ह घेऊन देऊन वाटेला लावा, रिसॉर्टच्या दावणीला बांधा, किंवा यानच उडवून द्या. संचालकांना त्यांची जागा दाखवायचा पर्याय नाही! एवढी चांगली कल्पना आणि शेवटी आपल्याला निरोप्याचं काम. जवळचे चार सोबतीही एकाच साच्यातले सज्जन. सारा, सॅम, बॅरेट, आंद्रेया, कोणासमोरही जरा वाकडं वागलं की नाराजी. क्रिमसन फ्लीटच्या चाच्यांसोबत काम करायचं असेल तर मी त्यांना यानावर ठेवून एकटीच जायचे.

आणि ती मंदिरं. कथेच्या ओघात एकूण चोवीस जादूसारख्या शक्ती मिळतात आणि प्रत्येकीसाठी मंदिर. आत गुरुत्वाकर्षण नाही, चमकते ठिपके दिसतात, तरंगत जाऊन त्यांत शिरायचं, मधलं कडं वेगाने फिरू लागलं की त्यात घुसायचं. पहिल्यांदा संगीतकार इनॉन झूरच्या संगीतासकट अंगावर शहारा आला. पुढच्या प्रत्येक मंदिरात हेच. एकातही वेगळं कोडं नाही.

शॅटर्ड स्पेसमध्ये हवा बदलते. जवळजवळ सगळं एकाच ग्रहावर, बराचसा मुलूख हाताने घडवलेला, पायी चालत जावं आणि वाटेत काही सापडावं असा. कथा बेताची आहे, पण क्षितिजावर दिसणाऱ्या जागेपर्यंत चालत जाता येतं.

घ्यायचाच असेल तर मुख्य कथा जरा थोपवून आधी यूसी व्हॅनगार्ड या स्वयंसेवी सैन्यदलात भरती व्हा, टेररमॉर्फ प्राण्यांची ती मालिका गेममधली सगळ्यात बांधीव आहे. मग निऑनमध्ये रेंगाळा, आणि निशिनापर्यंत नक्की खेळा. अनोळखी ग्रहावर लांब कुठेतरी इमारत दिसली तर दोनतीनदा जरूर जाऊन या, त्यानंतर मन मानलं तर. मंदिरं कथेला लागतील तेवढीच. मी सगळी केलेली नाहीत, करणारही नाही.