एडिनबर्गहून एका दिवसात: नॉर्थ बेरिक की सेंट अँड्र्यूज?

एडिनबर्गहून नॉर्थ बेरिकला थेट रेल्वेने सुमारे अर्ध्या तासात पोहोचता येते; सेंट अँड्र्यूजचे स्थानक मात्र १९६९ साली बंद झाल्याने लूकर्स येथे उतरून पुढे बस धरावी लागते, आणि लहान मुले सोबत असतील तर ही चढउतार जाणवते. सेंट अँड्र्यूजला १४१३ साली स्थापन झालेले विद्यापीठ, कॅथीड्रलचे भग्नावशेष आणि वेस्ट सँड्सची लांबलचक पुळण आहे. नॉर्थ बेरिकसमोरच्या समुद्रात बास रॉक हा ज्वालामुखीजन्य खडक उभा आहे. उन्हाळ्यात तो गॅनेट पक्ष्यांच्या दाटीने पांढरा दिसतो, आणि बोटीने जवळ गेल्यावर त्यांच्या कलकलाटाबरोबर (आधीच सांगितलेले बरे) विष्ठेचा उग्र दर्पही येतो. ऑक्टोबरच्या सुमारास पक्षी निघून जातात. म्हणून उन्हाळ्यात मी नॉर्थ बेरिकच सुचवेन, हिवाळ्यात सेंट अँड्र्यूज.