घड्याळ गोठवणारी लायब्ररी: आठ महिने आणि एक अर्धा तास

प्रोग्रामच्या चाचण्या घेताना घड्याळ आपल्याला हव्या त्या वेळेवर गोठवून ठेवायला पायथन भाषेत तयार लायब्रऱ्या (आयते कोड) मिळतात. त्यातली एक आम्ही आठ महिने वापरतोय. ही वेगवान आहे, फुकट आहे, बाकी झकास. फक्त हिला भारताचा अर्धा तास पचत नाही.

आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेच्या, ५:३० तास पुढे. ही बया ५ तास ठेवते आणि ३० मिनिटं गिळते. आमच्या ॲपमधून निघणाऱ्या हिशोबपट्टीवर फक्त तारीख छापतात, त्यामुळे दिवसभर काही कळत नाही. रात्री १२ ते १२:३० मात्र तारीख कालची. (नेपाळ ५:४५ पुढे. त्यांच्या तर पाऊण तासाची काशी!) आम्ही परभणीत अडत्यांसाठी हिशोबपट्टीचं ॲप करतो. सोयाबीनची आवक वाढली की मोंढ्यात मध्यरात्र उलटली तरी पट्ट्या निघत असतात, म्हणून १२:१० ची चाचणी मुद्दाम लिहिलेली. नेमकी तीच लाल, म्हणजे नापास.

तक्रार टाकली. लायब्ररी सांभाळणारा एकटा, तोही फावल्या वेळात, उत्तर नाही. फुकटच्या गायीचे दात मोजू नयेत, मान्य. पण लाल बिल्ड (सगळ्या चाचण्यांची फेरी) पुन्हा चालवायला सर्व्हरच्या मिनिटांचे पैसे पडतात, आणि ते मालक माझ्याकडे बघत मोजतात. मी त्या चाचणीला सरळ स्किप लावला, म्हणजे ती चालवायचीच नाही.

दोन महिन्यांनी आमच्यातल्याच एकानं ॲपमध्ये तारीख थेट यूटीसीतून घेतली. पकडणारी चाचणी झोपलेली. रात्री पाऊणला फोन: "दादा, पट्टीवर कालची तारीख कामून यायलीय?" तासभर लायब्ररीला शिव्या घातल्या. मग आठवलं, ती चाचण्यांपुरतीच, ॲपमध्ये नसतेच.

मग शहाणपण सुचलं. तारीख काढणाऱ्या फंक्शनला वेळ बाहेरून द्यायला लागलो. नव्या चाचणीत लायब्ररी मध्ये येतच नाही. जुनी चाचणी काढली नाही, तिच्यावर पायटेस्टचं (चाचण्या चालवणाऱ्या साधनाचं) एक्सफेल लावलं, म्हणजे 'ही नापास होणारच' अशी खूण, तीही स्ट्रिक्ट करून. नुसत्या एक्सफेलमध्ये चाचणी अचानक पास झाली तरी बिल्ड हिरवंच राहतं. स्ट्रिक्टमध्ये पास झाली म्हणून नापास!

अपडेट: वरचं सगळं दोन तारे देऊन टाकणार होतो. काल लायब्ररीची आवृत्ती वाढवली आणि बिल्ड लाल. लाइट गेलेली, इन्व्हर्टर कुईकुई करतोय, मी लॉग वर सरकवतोय, आणि तिथे 'एक्सपास, स्ट्रिक्ट', म्हणजे नापास व्हायची ती जुनी चाचणी पास. अर्धा तास परत आला होता! बदलांच्या यादीत त्याची एक ओळही नाही. एक्सफेल काढलं, सगळं हिरवं.

चार तारे. पाचवा त्या पाऊणच्या फोनचा कापला. फोन हिच्यामुळे नव्हता, माहीत आहे. तरी कापला.