कार्बन फायबरचा कर्लिंग ब्रूम : दांडा वर्षानुवर्षांचा, पॅड मोजक्या सामन्यांचा

कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत पलीकडच्या वर्तुळांमध्ये नेण्याचा खेळ; साथीदार त्या दगडापुढे ब्रूमने बर्फ घासत धावतात, त्यालाच स्वीपिंग म्हणतात. टीव्हीवर कॅमेरा दगड सोडणाऱ्याच्या हातावर असतो. कॅनडात लीड किंवा सेकंड (संघात पहिले आणि त्यानंतरचे दगड सोडणारे) म्हणून खेळणाऱ्याची सगळी कारकीर्द मात्र ब्रूमवर उभी राहते. हिशोब करून बघा. चौघांच्या संघात एका एंडला, म्हणजे एका डावाला, प्रत्येकाच्या वाट्याला दोन दगड येतात. स्किप, म्हणजे कर्णधार, पलीकडे हाउसमध्ये (लक्ष्याच्या वर्तुळांमध्ये) उभा असतो, त्यामुळे लीडला स्वतःचे दोन सोडून बाकीच्या सहा दगडांपुढे धावायचं असतं. ब्रायरमध्ये, म्हणजे कॅनडाच्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, सामना दहा एंडांचा असतो, म्हणजे साठ दगड झाले. एका टी लाइनपासून (हाउसच्या मध्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेपासून) दुसरीपर्यंतचं अंतर ११४ फूट, जवळजवळ पावणेपस्तीस मीटर. प्रत्येक दगड पूर्ण अंतर झाडावा लागत नाही. निम्मंच अंतर धरलं तरी एका सामन्यात किलोमीटरभर बर्फ अंगाचा भार टाकून घासावा लागतो, आणि राष्ट्रीय स्पर्धेत हे आठवडाभर, काही दिवशी दोन-दोन वेळा चालतं.

म्हणून २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये कॅनडाच्या जेनिफर जोन्सचा संघ अकराच्या अकरा सामने जिंकला, तेव्हा जाणकारांच्या तोंडी तिची सेकंड जिल ऑफिसर आणि लीड डॉन मॅकइवन ही नावंही तितक्याच आदराने होती. ब्रॅड जेकब्सच्या २०१४ च्या सुवर्णसंघातले रायन आणि ई. जे. हे हार्नडन बंधू, केविन मार्टिनच्या २०१० च्या सुवर्णसंघाचा लीड बेन हीबर्ट, या सगळ्यांची खरी ओळख ब्रूमवरच्या ताकदीची आहे.

या पातळीवर आज जो ब्रूम दिसतो तोच कॅनडातल्या कर्लिंगच्या दुकानात कोणालाही विकत मिळतो. कार्बन फायबरचा दांडा, फिरत्या बिजागरीचं प्लास्टिकचं डोकं आणि त्यावर फोम भरलेला नायलॉनचा पॅड. विनिपेगची आशम, बॅरीची बॅलन्सप्लस, क्यूबेकची हार्डलाइन आणि गोल्डलाइन ही ठळक नावं. किंमत साधारण २०० कॅनडियन डॉलरच्या आगेमागे, वरच्या मॉडेलला त्याहून जास्त. नवा पॅड २५ ते ३५ डॉलरला पडतो. फायबरग्लासच्या दांड्याचा ब्रूम याच्या निम्म्या किमतीत येतो.

दांड्याबद्दल आधी, कारण दुकानात सगळी चर्चा त्याचीच होते. कार्बनचा दांडा फायबरग्लासपेक्षा हलका असतो, पण त्याचा मोठा गुण वजनात नाही, ताठपणात आहे. खालच्या हातावर भार टाकला की फायबरग्लास मधोमध किंचित वाकतो आणि प्रत्येक फटक्यात थोडा जोर त्या वाकण्यात मुरतो. कार्बन वाकत नाही, भार सरळ पॅडवर उतरतो. सातव्या-आठव्या एंडला खांदे भरून आले की हा फरक स्पष्ट कळतो. आठवड्यातून एकदा क्लब लीगमध्ये आठ एंड खेळणाऱ्याला, त्यातही थर्ड किंवा स्किप असणाऱ्याला, फायबरग्लास पुरेसा आहे. लीड-सेकंडने मात्र पहिल्याच खरेदीला कार्बन घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दांड्याची जाडी विचारून घ्या. बाजारात एक इंच आणि त्याहून एक अष्टमांश इंच जास्त, अशा दोन जाड्या असतात. लहान हातांना एक इंची बरा, कारण जाड दांड्यावर बोटं पुरती वळत नाहीत आणि पकड टिकवायला मनगट उगाच ताणलं जातं. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही म्हणून डिलिव्हरी स्टिकने दगड सोडणारे बरेच ज्येष्ठ खेळाडू कॅनडाच्या क्लबांमध्ये आहेत. त्यांच्यापैकी जे स्टिकचं टोक ब्रूमच्याच दांड्यावर बसवतात, त्यांनी दोन्हींची मापं जुळतात का हे आधी पाहावं.

कार्बनची एक वाईट खोड आहे. तो हळूहळू मोडत नाही. दांडा दगडावर आपटला किंवा पडून कडेच्या फळीवर घासला की बारीक चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि मग एखाद्या जोरदार फटक्याला दांडा एकदम तुटतो. तुटला की काळे टोकदार तुकडे बर्फावर पसरतात. त्यातला एक जरी दगडाखाली आला तर दगडाची वाट बदलते, कारण दगड टेकलेला असतो तो तळाच्या अरुंद कड्यावर, जेमतेम काही मिलिमीटर रुंदीच्या. सामन्याआधी दांड्यावरून सुती फडकं हलक्या हाताने वरपासून खालपर्यंत फिरवावं. धागा कुठे अडकला तर तो दांडा सरावापुरताच ठेवावा.

आता पॅड. खरं परीक्षण त्याचंच व्हायला हवं.

१९५९ ते १९६३ दरम्यान अर्नी रिचर्डसनच्या सस्कॅचवनच्या संघाने चार ब्रायर जिंकले तेव्हा कॅनडात कॉर्न ब्रूम होता, रूपाने लांब दांड्याची केरसुणीच. बर्फावर तो सपासप आपटायचा, आणि त्याच्या काड्या गळून दगडाच्या वाटेत पडायच्या. सत्तरच्या दशकात कॅलगरीच्या पॉल गाउसेलच्या तरुण संघाने ढकलायचा ब्रश वापरून जागतिक ज्युनियर विजेतेपदं मिळवली आणि देशभर ब्रश रुजला. मग डुकराच्या किंवा घोड्याच्या केसांचे ब्रश आले. पुढे कापडी पॅड आला, आणि तिथून भांडण सुरू झालं.

२०१५ च्या हंगामात काही पॅडांचं कापड इतकं खरखरीत झालं होतं की ते बर्फ नुसतं तापवत नव्हतं, ओरखडत होतं. कर्लिंगचं बर्फ गुळगुळीत नसतं. त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक दाणे उठवलेले असतात, त्यांना पेबल म्हणतात. त्या दाण्यांवर एका दिशेने ओरखडे पडले की दगड त्या दिशेला ओढला जातो. एकटा स्वीपर (ब्रूम चालवणारा) दगड हवा तसा वळवू लागला, आणि मग दगड अचूक सोडण्याच्या कौशल्याला काय अर्थ राहिला? अव्वल संघांनी असे पॅड न वापरण्याच्या निवेदनावर सह्या केल्या. २०१६ च्या मे महिन्यात ऑन्टारियोतल्या केम्पटविलला जागतिक महासंघाने कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या मदतीने चाचण्या घेतल्या. त्यातून पुढच्या हंगामापासून एकच कापड ठरलं : ऑक्सफर्ड ४२०डी नायलॉन, गडद हळदी पिवळ्या रंगाचं.

खरेदी करणाऱ्याला या इतिहासाचा थेट उपयोग आहे. एकाच कंपनीचा पॅड बहुधा दोन प्रकारांत येतो, एक स्पर्धेसाठी मान्यताप्राप्त आणि एक क्लबसाठी. क्लबच्या पॅडचं कापड जास्त टिकाऊ असतं. प्रांतीय प्ले-डाउनमध्ये (राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रता फेऱ्यांत) उतरायचं असेल तर मान्यताप्राप्त यादीतलाच पॅड लागतो, आणि यादी बदलत असते. दुकानदाराच्या शब्दावर न जाता त्या हंगामाची यादी स्वतः बघा. दुसरं म्हणजे एका कंपनीचा पॅड सहसा दुसरीच्या डोक्यावर बसत नाही. आपल्या गावातल्या दुकानात कोणत्या कंपनीचे पॅड वर्षभर मिळतात ते पाहून ब्रूमची कंपनी ठरवावी. दांड्याच्या रंगापेक्षा हे फार महत्त्वाचं आहे.

नवा पॅड आणि वापरलेला पॅड शेजारी ठेवून बोट फिरवा. नव्याची वीण बोटाला जाणवते, कापड किंचित करकरतं. वीस-पंचवीस सामन्यांनंतरच्या पॅडवर मधला भाग चकचकीत झालेला असतो, कडेला लव उठलेली असते आणि अंगठ्याने दाबला तर फोम सावकाश वर येतो. असा पॅड बर्फावरून घसरतो. घर्षण कमी म्हणजे उष्णता कमी, आणि उष्णता हेच तर स्वीपिंगचं काम आहे. पृष्ठभाग उणे चार-पाच अंशांवर असतो. तो क्षणभर किंचित तापला, दाणे घासले गेले की दगडाखालचं घर्षण उतरतं. दगड लांब जातो आणि कमी वळतो. चांगली जोडी ड्रॉचा (हाउसमध्ये थांबवायचा) दगड दहा-बारा फूट पुढे नेते. झिजलेल्या पॅडने तेवढाच घाम गाळून त्यातले कित्येक फूट हातचे जातात. ३०० डॉलरच्या ब्रूमवर दोन हंगामांचा पॅड लावून खेळणारे प्रत्येक क्लबमध्ये दिसतात, आणि त्यांच्या मेहनतीचं वाईट वाटतं.

स्पर्धा खेळणाऱ्याने आठ-दहा सामन्यांत पॅड बदलावा, महत्त्वाच्या सामन्याला तर नवाच. काढलेला सरावाला ठेवावा. क्लब लीगला हंगामात दोन पॅड हा व्यवहारी हिशोब. बहुतेक जण नकळत पॅडची एकच कड पुढे ठेवतात, ती आधी झिजते. म्हणून प्रत्येक सामन्यानंतर डोकं अर्ध्या फेऱ्याने फिरवायचं, झीज दोन्हीकडे सारखी होते.

पॅड खराब करणाऱ्या गोष्टी बहुतेक बर्फाबाहेरच घडतात. कॅनडाच्या हिवाळ्यात पार्किंगमधून बुटांबरोबर मीठ आणि वाळू आत येते. ब्रूम लॉकर रूममध्ये डोकं खाली करून उभा ठेवला की पॅड ते सगळं टिपून घेतो आणि पहिल्याच एंडला बर्फावर पेरतो. डोकं नेहमी वर. सामना संपल्यावर ओला पॅड बॅगेत कोंबून रात्रभर गाडीत ठेवला तर तो गोठून कडक होतो, आणि दुसऱ्या दिवशी बर्फावर पांढऱ्या रेघा ओढतो. घरी आणून मोकळ्यावर सुकवायचा, हीटरवर नाही, कारण चिकटवलेला फोम उष्णतेने सुटू शकतो. कापडाला लटकलेला धागा ओढू नका, कात्रीने कापा.

बिजागरीकडे दुकानातच लक्ष द्या. डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरून दांडा पिळून बघा. दांडा तो बसवलेल्या कपात जरासाही फिरत असेल तर तो नग परत ठेवा, पुढे फिरणं वाढतच जातं. डोकं पुढे-मागे सहज झुकलं पाहिजे, पण आपल्या वजनाने लोंबता कामा नये. सैल बिजागरी असली की दर फटक्याला पॅडची एक कड उचलली जाते आणि वीतभर पॅडमधला निम्माच बर्फाला लागतो. हा दोष खेळताना कळत नाही. महिन्याभराने पॅड तिरका झिजलेला दिसतो तेव्हा उलगडा होतो.

इतका चांगला ब्रूमही भार टाकल्याशिवाय काम करत नाही. खालचा हात दांड्याच्या खालच्या तिसऱ्या भागावर, तळवा वरून. वरचा हात फासळ्यांजवळ, दांडा काखेत चिकटलेला. पाय मागे, टाचा उचललेल्या, आणि छाती शक्यतो ब्रूमच्या डोक्याच्या वर. पॅड दगडाच्या अगदी पुढ्यात हवा, फटके आखूड. लांब फटके दिसायला भारी, पण टोकाला भार सुटतो. दोन्ही बुटांना ग्रिपर (न घसरणारा रबरी तळ) असला तर भार जास्त टाकता येतो, म्हणून आजचे लीड आपला दगड सोडून झाल्यावर सरकत्या बुटावर ग्रिपर चढवतात. नियम दोनच लक्षात ठेवा : दगडाला ब्रूम लागता कामा नये, आणि शेवटचा फटका बाजूला संपला पाहिजे, म्हणजे कचरा दगडासमोर राहत नाही.

दगड सोडताना आधाराला हाच ब्रूम घेत असाल तर डोकं उलटं करा, पॅड वर आणि प्लास्टिकची पाठ बर्फाकडे. पॅड खाली राहिला तर तो बर्फाला धरतो, खांदा त्या बाजूला ओढला जातो आणि दगड सुटतानाच रेषेबाहेर जातो. नवख्यांच्या चुकलेल्या दगडांमागे हे कारण बरेचदा असतं. जे रोज सराव करतात त्यांनी आधाराला वेगळा स्टॅबिलायझर घ्यावा, ब्रूमच्या डोक्याची पाठ त्यामुळे घासली जात नाही.

नवा पॅड चढवला की तसाच सामन्याला नेऊ नका. सरावाच्या शीटवर (बर्फाच्या पट्टीवर) चार-पाच दगडांपुढे पूर्ण भाराने चालवा, कारखान्यातली लव आणि सुटे धागे तिथेच निघून जातात. मग पॅड उलटा करून तळहाताने झटका, कडा तपासा आणि कव्हरमध्ये घाला.