मिंट रोडची पत्रकं: बाजाराला चोख, ठेवीदाराला तोकडी

खिशातली नोट सोडली तर रिझर्व्ह बँकेशी आपली गाठ पडते ती तिच्या कागदांतून: प्रसिद्धिपत्रक, गव्हर्नरांचं निवेदन, एखादा एसएमएस, नाहीतर हेल्पलाइनवरचा आवाज. मुंबईत फोर्टातल्या मिंट रोडवरच्या मुख्यालयाचा संवाद विभाग हे सगळं बाहेर सोडतो. बँकेच्या इतर सेवांचं परीक्षण होतं, मग या सेवेचं का नको? आमचा निकाल आधीच सांगतो. रोखेबाजारातल्या गिऱ्हाइकाला ही सेवा उत्तम मिळते, सहकारी बँकेतल्या ठेवीदाराला जेमतेम. कारणही उघड आहे. पतधोरणात, म्हणजे व्याजदर ठरवणाऱ्या धोरणात, एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा भाव मिनिटाभरात हलतो आणि चूक दिसते. ठेवीदाराच्या गोंधळाचा भाव कुठल्याच पडद्यावर उमटत नाही.

पतधोरणाचा दिवस ही सर्वांत घोटलेली बाजू. वर्षभराच्या तारखा आधीच जाहीर होतात. कायद्याने पतधोरण समितीच्या वर्षाला किमान चार बैठका लागतात, प्रत्यक्षात सहा होतात, प्रत्येक तीन दिवसांची. शेवटच्या दिवशी सकाळी १० वाजता गव्हर्नर यूट्यूबवर थेट बोलतात, त्याच सुमारास सहा सदस्यांच्या समितीचा ठराव संकेतस्थळावर येतो आणि दुपारी १२ ला पत्रकार परिषद होते. चौदाव्या दिवशी इतिवृत्त. बैठकीआधी सात दिवस आणि नंतर सात दिवस सदस्यांनी मौन पाळायचं असतं. त्या काळात ‘सूत्रांकडून’ दराची बातमी आली तर ती कोणी, कशासाठी पिकवली असेल, हा प्रश्न आधी विचारावा.

वाचायचं कसं? निवेदनाने सुरुवात करू नका. आधीचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांच्या काळात तर ते गांधीजींच्या वचनापर्यंत जायचं. ऐकायला बरं, पण कामाचं थोडं. आधी ठराव उघडा आणि शेजारी मागच्या बैठकीचा ठराव ठेवा. मतांची विभागणी, धोरणाचा पवित्रा (दर पुढे कुठे जातील याचा कल) आणि महागाईचा तिमाही अंदाज, एवढ्या तीन जागी काय बदललं ते पाहा. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना उसने पैसे देते तो दर, ‘जैसे थे’ असतानाही बातमी तिथेच दडलेली असते. जून २०२४ मध्ये दर हलला नाही, पण विभागणी ५-१ वरून ४-२ झाली: समितीच्या सदस्य आशिमा गोयल कपातीच्या बाजूने दुसरे सदस्य जयंत वर्मांसोबत गेल्या. टीव्हीच्या पट्टीवर यातलं किती दिसलं असेल, ते सांगायला नको.

दुसरी गफलत सीआरआरची, म्हणजे बँकांनी ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा त्याची. तो समितीच्या अखत्यारीत नाही, रिझर्व्ह बँकेच्या आहे, म्हणून तो ठरावात शोधून उपयोग नाही. गव्हर्नरांच्या निवेदनात सापडतो. ६ जून २०२५ ला रेपो अर्ध्या टक्क्याने उतरून ५.५ वर आला. फक्त ठराव वाचून उठलेल्याला त्याच दिवशी जाहीर झालेली सीआरआरमधली एक टक्क्याची, चार हप्त्यांतली कपात कळलीच नसती. त्याच ठरावाने एप्रिलमध्येच घेतलेला उदार पवित्रा सोडून तटस्थ पवित्रा घेतला, आणि विकासाला आणखी आधार द्यायला आता फार थोडी जागा उरली आहे, असंही सांगितलं गेलं. मोठी कपात आणि ‘आता थांबतोय’चा इशारा एकाच दमात. आमच्या मते मजकूर स्पष्ट होता, पण बाजाराला दोन्ही एकदम पचवणं जड गेलं.

वेळापत्रक मोडलं की काय होतं, याचा नमुना ४ मे २०२२. बैठक ठरलेली नसताना दुपारी २ वाजता गव्हर्नर पडद्यावर आले, रेपो ४ वरून ४.४० टक्के झाला, सीआरआर अर्ध्या टक्क्याने वाढला आणि सेन्सेक्स १,३०० हून अधिक अंकांनी घसरून बंद झाला. त्याच दिवशी एलआयसीचा आयपीओ खुला झाला होता! त्या वर्षी सलग तीन तिमाही महागाई ६ टक्क्यांच्या वर राहिली, म्हणून कायद्याप्रमाणे बँकेला सरकारकडे खुलासा पाठवावा लागला. ३ नोव्हेंबरला त्यासाठी खास बैठक झाली. पत्र मात्र जाहीर केलं नाही. इतिवृत्तात प्रत्येक सदस्याचं म्हणणं छापणाऱ्या संस्थेने नेमका हाच कागद कपाटात ठेवावा, हे खटकतं.

आता ठेवीदाराकडे. मुंबईत हा विषय कोरडा नाही. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा पैसे काढण्याची पहिली मर्यादा होती १,००० रुपये. मग १०,०००, २५,०००, ४०,००० आणि ५ नोव्हेंबरला ५०,०००. सहा आठवड्यांत पाच आकडे! शेवटच्या पत्रकात लिहिलं होतं की आता ७८ टक्क्यांहून अधिक ठेवीदार आपली पूर्ण शिल्लक काढू शकतील. वाक्य खरं, पण त्यात डोकी मोजली आहेत, रुपये नाहीत. छोटी खाती खूप असतात, त्यामुळे टक्का मोठा दिसतो. ज्याची निवृत्तीची रक्कम अडकली आहे, त्याला या आकड्यातून काहीच कळत नाही.

निर्बंधांच्या पत्रकाखाली सही संवाद विभागातल्या अधिकाऱ्याची असते, भाषा मात्र बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ ची. त्यात शोधायचं ते असं: निर्बंध कुठल्या दिवशी कामकाज संपल्यापासून लागू, मर्यादा खात्यामागे की ठेवीदारामागे, ठेवीतून कर्ज वळतं करता येईल का, आणि मुदत किती (बहुतेकदा सहा महिने, पुढे वाढू शकते). निर्बंध म्हणजे परवाना रद्द झाला असं समजू नये, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रकात असतं, पण तळाशी. ते पहिल्या परिच्छेदात हवं. दंडाचं पत्रक हा तर निराळाच प्रकार: नियम न पाळल्याबद्दल बँकेला दंड, ग्राहकांच्या व्यवहारांच्या वैधतेशी संबंध नाही. व्हॉट्सॲपवर मात्र दोन्ही ‘बँक बुडाली’ याच मथळ्याखाली फिरतात.

ठेवींच्या विम्याचं वाक्य अलीकडे पत्रकात येऊ लागलं, ही सुधारणा खरी. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ते होतं. पण ‘त्याच क्षमतेत आणि त्याच हक्कात’ ५ लाखांपर्यंत, असं लिहून पत्रक थांबतं. याचा अर्थ असा: एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतली तुमच्या एकट्याच्या नावावरची बचत, मुदतठेव आणि त्यांवरचं व्याज यांची बेरीज होते आणि त्या बेरजेला ५ लाखांची कमाल. संयुक्त खातं वेगळं धरतात. नावांचा क्रम बदलला, म्हणजे एका खात्यात पती पहिला आणि दुसऱ्यात पत्नी, तर तीही दोन वेगळी खाती. दोन ओळींची माहिती आहे, पण ती मिळवायला ठेव विमा महामंडळाच्या प्रश्नोत्तरांत शिरावं लागतं. सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध आल्यावर ९० दिवसांत विमा मिळण्याची तरतूद आहे, मात्र त्यासाठी संमतिपत्र आणि केवायसी बँकेकडे द्यावं लागतं. घरी बसून वाट पाहणारे इथेच मागे पडतात.

बँकेला सोपं लिहिता येत नाही असं मुळीच नाही. १९ मे २०२३ ला २,००० ची नोट मागे घेताना पत्रकासोबतच प्रश्नोत्तरं निघाली: एका वेळी २०,००० रुपयांपर्यंत बदलून मिळतील, खात्यात नेहमीसारख्या भरता येतील, नोट वैध चलन राहील. ‘मागे घेतली’ आणि ‘वैध आहे’ हे एकत्र ऐकून दुकानदार बिचकले, तो भाग वेगळा. तरी नोव्हेंबर २०१६ मधल्या, रोज बदलणाऱ्या सूचनांशी तुलना केली तर फरक लख्ख दिसतो. नोटेला जमतं ते निर्बंधांच्या पत्रकाला जमू नये? तेही मराठीत, त्याच दिवशी, शाखेच्या दारावर?

हेल्पलाइनचे दोन क्रमांक सारखे दिसतात आणि लोक हमखास चुकतात. १४४४० वर मिस्ड कॉल दिला की ध्वनिमुद्रित माहिती मिळते. तक्रारीसाठी १४४४८ किंवा सीएमएस पोर्टल, म्हणजे रिझर्व्ह बँकेचं तक्रारींचं संकेतस्थळ. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवस वाट, उत्तर न आल्यास किंवा न पटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ही पायरी गाळली की अर्ज तपासणीतच बंद होतो. शुल्क नाही, त्यामुळे ‘तक्रार लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नयेत. २०२१ च्या योजनेत ५० कोटींहून कमी ठेवींच्या बिगरअनुसूचित (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीत नसलेल्या) नागरी सहकारी बँका लोकपालाच्या कक्षेत धरलेल्या नाहीत. त्यांच्या तक्रारी रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण व संरक्षण कक्षाकडे जातात.