मणिभवन, गावदेवी: चरख्याचा फोटो काढून लगेच खाली उतरू नका

मुंबईच्या मणिभवनचे, म्हणजे गांधीजी जिथे उतरायचे त्या घरातल्या संग्रहालयाचे, रिव्ह्यू बघितले तर बहुतेकांनी 'छान शांत जागा, चरखा बघितला, अर्ध्या तासात झालं' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून म्हटलं आपण जरा सविस्तर लिहू. माझं मत आधीच सांगते, जागा अप्रतिम आहे, नक्की जा, पण देवदर्शनाला गेल्यासारखं हात जोडून बाहेर येऊ नका. स्वातंत्र्याचं एवढं मोठं आंदोलन जिथून चाललं ते हे ऑफिस होतं आणि काही दिवस तर चक्क पेपरचं ऑफिस होतं, ते डोक्यात ठेवून फिरलात तर प्रत्येक खोलीत थांबावंसं वाटेल.

ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जाता येतं, लॅबर्नम रोडवर आहे. घर रेवाशंकर झवेरींचं, गांधीजी 1917 ते 1934 या काळात मुंबईत आले की इथेच उतरायचे. खाली लायब्ररी, वर त्यांची खोली, साधी गादी, चरखे, आणि मग आयुष्यातले प्रसंग दाखवणारे बाहुल्यांचे देखावे. लहान मुलं देखाव्यांपाशीच रमतात, रमू द्या.

आता पेपरची गोष्ट. 1919 ला खटल्याशिवाय तुरुंगात डांबू देणारा रौलट कायदा आला, 6 एप्रिलला हरताळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी 'सत्याग्रही' नावाचं एक पत्रक निघालं, संपादक मोहनदास करमचंद गांधी, पत्ता लॅबर्नम रोड, गावदेवी, किंमत एक पैसा. ते मुद्दाम रजिस्टर केलं नव्हतं, म्हणजे पेपर काढणं हाच कायदेभंग! त्यात वाचणाऱ्याला विनंती होती की हे वाचा, हाताने उतरवून मित्रांना द्या आणि त्यांनाही उतरवून पुढे द्यायला सांगा. आणि सत्याग्रहींना सूचना होती की अटक झाली तर टाळायची नाही, वकील लावून बचाव करायचा नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण अहिंसा म्हणजे गप्प बसून मार खाणं समजतो, आणि इथे तर आपली बातमी दुसरा कोणी देईल याची वाट न बघता स्वतःच द्यायची पहिल्या दिवसापासून तयारी आहे.

पुढे 1930 चा मिठाचा सत्याग्रह. 21 मे ला गुजरातमध्ये धारासणाला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली लोक मिठागरावर चालून गेले, तेव्हा गांधीजी येरवड्याला तुरुंगात होते. पोलिसांनी लोखंडी टोकाच्या लाठ्यांनी डोकी फोडली, आणि युनायटेड प्रेसचा वेब मिलर नावाचा अमेरिकन बातमीदार तिथे उभा होता, त्याने लिहिलं की मार चुकवायला एकानेही हात वर केला नाही. सरकारने त्याच्या तारा अडवायचा प्रयत्न केला तरी बातमी बाहेर गेलीच आणि जगभर हजाराहून जास्त पेपरांत छापून आली. तो बातमीदार तिथे नसता तर? तर सरकारी पत्रकात जे आलं असतं तेच 'झालं' असतं, जमाव, बेकायदेशीर कृत्य, पोलिसांनी परिस्थिती हाताळली वगैरे.

म्हणून मला वाटतं की अहिंसेत बघणारा लागतोच, आणि तो बघणारा सगळ्यांना सारखा मिळत नाही. इथेच बाबासाहेबांची आठवण येते, आणि ती यायलाच हवी, कारण 14 ऑगस्ट 1931 ला गांधीजींची आणि त्यांची पहिली भेट याच मणिभवनमध्ये झाली. जायच्या आधी त्या भेटीबद्दल जरूर वाचा, आपल्याला मातृभूमी नाही हे बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितलं ते याच घरात. त्याआधी मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं शिस्तीत जाऊन पाणी प्यायली, परत येताना मार खाल्ला, आणि आपली बाजू मांडायला बाबासाहेबांना 3 एप्रिलला 'बहिष्कृत भारत' हा पेपर सुरू करावा लागला. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह तर 2 मार्च 1930 चा, दांडीयात्रा निघायच्या दहा दिवस आधी! वर्षानुवर्षं चालला आणि दार उघडलं नाही. दांडीला जगाचे कॅमेरे आणि काळारामला दगड, हा फरक अहिंसा कमी पडल्याचा नाही, कुणाकडे बघायचं हे ठरवणाऱ्यांचा आहे असं माझं ठाम मत आहे. नंतर 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले की संविधानाचे मार्ग खुले असताना सत्याग्रहसुद्धा सोडून द्यायला हवा. मला हे अर्धंच पटतं, मार्ग खुले आहेत हे कोण ठरवणार हा प्रश्न उरतोच.

2018 चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवून बघा. नाशिकहून 6 मार्चला निघाले, जवळपास 180 किलोमीटर चालले, आणि दहावीच्या पोरांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालून आझाद मैदानावर पोचले. वनहक्क आणि कर्जमाफीच्या त्यांच्या मागण्या शहरातल्या किती लोकांनी तेव्हा ऐकल्या होत्या? सोलवटलेल्या पायांचे फोटो फिरले तेव्हा कुठे लोक हलले. मोर्चा म्हटलं की वाहतूक कोंडीचीच बातमी होते याचा मला मनापासून राग येतो.

वरच्या खोलीपाशी अजून एक गोष्ट आठवा. नोव्हेंबर 1921 ला प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे इंग्लंडचा युवराज आला, त्याच्या स्वागतावर बहिष्कार होता, आणि मुंबईत दंगल पेटली, पन्नासच्या वर माणसं गेली. मारणाऱ्यांत बहिष्कारवालेही होते. गांधीजींनी 19 तारखेला इथेच उपास सुरू केला आणि शहर शांत झाल्यावर 22 ला सोडला. स्वतःच्या माणसांच्या हिंसेवर बोट ठेवणं आजच्या किती नेत्यांना जमेल?

हिटलरला 1939 मध्ये लिहिलेलं पत्रही बघा, सरकारने ते पोचूच दिलं नव्हतं. कॉलेजची मुलं सोबत असतील तर त्या पत्रासमोर उभं राहून वाद घालू द्या, आमच्याकडे घरी येईपर्यंत चालला होता.

वेळ दोन तास तरी ठेवा. मग तिथूनच चालत ऑगस्ट क्रांती मैदानावर जा आणि वाटेत मुलांना उषा मेहतांबद्दल सांगा, 1942 च्या 'भारत छोडो' आंदोलनात बाविशीच्या त्या मुलीने पोलिसांना चुकवत जागा बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, नोव्हेंबरमध्ये पकडली गेली, आणि पुढे कितीतरी वर्षं मणिभवनच्या कामाशी जोडलेली राहिली.